शाळेपासून दुरावलेल्या किशोरवयीन मुलांसाठी ऑनलाइन शिक्षण : सुरुवात कोठून करावी?

मांजराकाठ (केज तालुका, जि. बीड)

नमस्कार. आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी आणि माझे दोन सहकारी गेली दोन वर्षे, शाळा सुटलेल्या आणि शाळेत नाव असूनही न जाणाऱ्या मुलांचा एक लहानसा वर्ग चालवतो. सध्या आमच्या वहीत १४ ते १७ या वयोगटातील १९ नावे आहेत. त्यांपैकी ८ मुले ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील असून दिवाळीनंतर ती टोळीबरोबर कारखान्यावर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. ५ मुलींचे शिक्षण गावातील शाळा आठवीपर्यंतच असल्यामुळे थांबले आहे. पुढची शाळा सात किलोमीटरवर आहे आणि तेवढ्या अंतरावर मुलीला एकटीने पाठवण्यास घरचे तयार नाहीत. उरलेल्या ६ मुलांचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो, कारण त्यांना वरवर पाहता कोणतीच अडचण नाही. घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे, घरी दोन वेळचे जेवण आहे, आणि तरीही शाळेचा विषय निघाला की ती मान खाली घालतात. त्यांच्यातील एक मुलगा ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात बसतो आणि मिस्त्रीच्या गैरहजेरीत पंप उघडून पुन्हा जोडतो. नववीत त्याला मोठ्याने वाचण्यासाठी उभे केले असता तो पहिल्याच ओळीत अडखळला, वर्ग हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत गेलेला नाही, असे त्याच्या आईने मला सांगितले.

मागील वर्षी टोळ्या गेल्यानंतर आम्ही रोज सायंकाळी ७ ते ८ या वेळेत थेट ऑनलाइन वर्ग सुरू केला होता. पहिल्या दिवशी १४ मुले जोडली गेली आणि आम्हाला फार आनंद झाला. तिसऱ्या आठवड्यात ४ उरली, आणि त्या चारांपैकी एकाने परत आल्यावर कबूल केले की, तो वर्ग सुरू करून फोन कोपीत, म्हणजे झोपडीत, ठेवत असे आणि स्वतः वाढ्याच्या (उसाच्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधायला जात असे. आम्ही डिसेंबरमध्ये वर्ग बंद केला. दोष मुलांचा आहे असे मला वाटत नाही, परंतु आमच्या योजनेत नेमके काय चुकले, हेही अजून नीट उमगलेले नाही.

आता पुन्हा प्रयत्न करण्याचा विचार आहे. आमच्याकडे तीन जुने लॅपटॉप आणि वाचनालयाचे इंटरनेट आहे, आणि एका हितचिंतकांनी २५ हजार रुपये देऊ केले आहेत. या रकमेतून टॅब घ्यावेत, असा सहकाऱ्यांचा आग्रह आहे. थेट वर्ग नको असेल तर दुसरी कोणती रचना करावी, या मुलांना दहावीचे प्रमाणपत्र कोणत्या मार्गाने मिळू शकेल, आणि ज्यांचे शिक्षणावरून मनच उडाले आहे अशा सहा जणांना पुन्हा पुस्तकाजवळ कसे आणावे, या तीन गोष्टींवर अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.


गोदाकाठ (गंगाखेड, जि. परभणी)

सर, मी माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आहे. आपण मांडलेल्या तीन गटांचे दुखणे तीन प्रकारचे आहे आणि त्यावर एकच औषध चालणार नाही, हे आपल्या लिहिण्यावरूनच दिसते. तरीही यंत्रसामग्रीकडे वळण्यापूर्वी एक काम सर्वांच्या बाबतीत सारखेच करावे लागेल, आणि ते म्हणजे प्रत्येक मुलाला एकट्याला बसवून त्याचे वाचन ऐकणे. ‘असर’ ही मुलांच्या शिक्षणाची देशव्यापी पाहणी आहे. तिच्या २०२३ च्या फेरीत १४ ते १८ वयोगटातील ग्रामीण मुलांची चाचणी घेण्यात आली होती आणि त्यात महाराष्ट्रातून आपलाच नांदेड जिल्हा होता. देशभरातील चित्र असे निघाले की, या वयाच्या सुमारे एक चतुर्थांश मुलांना स्वतःच्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता येत नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित निम्म्याहून कमी मुलांना सुटते. आपला ट्रॅक्टरवाला मुलगा बहुधा याच चतुर्थांशातील असावा. त्याच्या हाती नववीच्या विज्ञानाचा व्हिडिओ दिल्यास त्याचा अपमान पुन्हा एकदा होईल, एवढेच. अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा चार पायऱ्यांनी वाचन तपासावे, आणि ते इतर मुलांसमोर कधीही करू नये.

आता प्रमाणपत्राविषयी. पहिला मार्ग आपल्या राज्य मंडळाचा, ज्याला सगळे ‘१७ नंबर’ म्हणून ओळखतात. पाचवी उत्तीर्ण असलेला आणि वयाची १४ वर्षे पूर्ण केलेला विद्यार्थी १७ नंबरचा अर्ज ऑनलाइन भरून खाजगीरीत्या दहावीला बसू शकतो. त्याला जवळची एखादी शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते. आपला बीड जिल्हा आणि आमचा परभणी जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाकडे येतो, तर लातूर, नांदेड आणि धाराशिव हे जिल्हे लातूर मंडळाकडे आहेत, त्यामुळे चौकशी करताना चुकीच्या दारी जाऊ नये. दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा आहे. तिची स्थापना १९८९ ची असून दहावीचा अभ्यासक्रम मराठी माध्यमातूनही उपलब्ध आहे. पाच विषय घ्यावे लागतात, एकदा केलेली नोंदणी पाच वर्षे चालते आणि तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. विषय एकेक करून सोडवता येतात. एका विषयात नापास झाल्यामुळे बाकीच्या विषयांवर पाणी पडत नाही. गणित सक्तीचे नाही. ही सवलत काही मुलांसाठी दिलासा ठरते हे खरे असले, तरी गणित सोडल्यास पुढे कोणकोणते दरवाजे बंद होतात, हे मुलाला आणि पालकांना आधी स्पष्टपणे सांगितले पाहिजे. जी मुले पाचवी किंवा आठवीपूर्वीच गळाली, त्यांच्यासाठी राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची आणि आठवीची परीक्षा आहे.

येथे मला एक इशारा द्यावासा वाटतो आणि तो थोडा कडू आहे. मी नोकरीत असताना असे पाहिले आहे की, दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून नववीतील कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावून ‘तुमच्या मुलाला १७ नंबरने बसवा, त्याला सोपे जाईल’ असे गोड शब्दांत सांगितले जाते. शाळा सोडल्याचा दाखला हातात दिला जातो, शाळेच्या फलकावर शंभराचा आकडा चढतो आणि तो मुलगा मात्र कोणाच्याच आकड्यात राहत नाही. आपल्या भागात लातूर पॅटर्नचे, म्हणजे गुणवत्ता यादीसाठी कसून तयारी करून घेण्याच्या पद्धतीचे, कौतुक घरोघरी होते आणि त्यामागचे कष्ट मी नाकारत नाही. पण गुणवत्ता यादीतील मुलांसाठी आपण पॅटर्न तयार केला आणि गळालेल्यांसाठी फॉर्म तेवढा ठेवला, ही गोष्ट मला टोचत राहते. आपल्या ऑनलाइन वर्गाचा उपयोग अशा ढकलाढकलीसाठी कोणी करून घेऊ नये, म्हणून ज्यांचे नाव अजून शाळेच्या पटावर आहे त्यांचा दाखला घाईने काढू नका. एकदा दाखला निघाला की परतीची वाट फार अरुंद होते.


दुधना (सेलू, जि. परभणी)

मी संगणक दुरुस्तीचे दुकान चालवतो आणि दोन संस्थांच्या अभ्यासिकांची यंत्रणा पाहतो. माझे मत असे की, टॅब अजिबात घेऊ नयेत. २५ हजारांत बरे म्हणावेत असे तीनच टॅब येतील, त्यांपैकी एकाची काच पहिल्या दोन महिन्यांत फुटेल आणि उरलेल्या दोनांवरून घराघरांत हेवेदावे होतील.

खरेदीपूर्वी फोनची पाहणी करा. ‘घरात फोन आहे का’ या प्रश्नाला प्रत्येक जण होकार देतो, म्हणून त्यातून काहीच कळत नाही. रात्री ८ वाजता तो फोन कोणाच्या हातात असतो, त्यात रिचार्ज कोण मारतो, जागा किती शिल्लक आहे आणि मुलाला तो एकट्याने वापरायला मिळतो का, हे विचारावे. गोदाकाठ सरांनी उल्लेख केलेल्या पाहणीतच असे आढळले होते की, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन आहे, तर मुलींमध्ये हे प्रमाण सुमारे २० टक्के आहे. आपल्या पाच मुलींच्या बाबतीत तर अभ्यासाच्या निमित्ताने फोन मागणे हेच घरात संशयाचे कारण ठरू शकते. त्यांच्यासाठी फोनवर आधारलेली कोणतीही योजना करण्याऐवजी, वाचनालयाच्या खोलीत दुपारी दोन तास केवळ मुलींसाठी राखून ठेवणे आणि तेथील लॅपटॉप त्यांच्या हवाली करणे अधिक उपयोगी पडेल.

त्या खोलीसाठी मी ‘कोलिब्री’ सुचवतो. ही मोफत आणि मुक्त स्रोत असलेली प्रणाली खास इंटरनेट नसलेल्या किंवा अधूनमधून येणाऱ्या ठिकाणांसाठी बनवलेली आहे. तुमच्या तीन लॅपटॉपपैकी जो जरा बरा चालतो त्यात ती बसवावी आणि एकदा चांगल्या इंटरनेटवर धडे, व्हिडिओ आणि सराव उतरवून घ्यावेत. त्यानंतर साध्या वाय-फाय राऊटरवरून खोलीतील इतर लॅपटॉप आणि फोन त्या संगणकाला जोडले जातात आणि बाहेरचे इंटरनेट लागतच नाही. कोणी कोणता सराव कुठपर्यंत सोडवला, हे शिकवणाऱ्याला दिसते. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात उतरवता येतात आणि पुस्तकांतील क्यूआर कोडमागचे ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक मंचावरील साहित्यही बऱ्याच प्रमाणात आधी उतरवून ठेवता येते. खर्च करायचाच असेल तर लॅपटॉपची रॅम वाढवणे, जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी वेगवान एसएसडी टाकणे, वीज गेल्यावरही राऊटर चालावा म्हणून छोटा यूपीएस आणि पाच-सहा हेडफोन, यांवर करावा. हेडफोनला कमी लेखू नका. ज्या मुलाला सर्वांसमोर अडखळण्याची भीती वाटते, तो हेडफोन लावून एकच ओळ वीस वेळा ऐकतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

ऊसतोडीवरील आठ मुलांसाठी थेट वर्ग ही कल्पना सोडून द्यावी. तास चुकला की मूल मागे पडते आणि मागे पडले की लाजेने पुढच्या तासाला येत नाही. आपली तिसऱ्या आठवड्यातील गळती बहुधा अशीच झाली असावी. जाण्यापूर्वी प्रत्येकाला मेमरी कार्डवर पाच महिन्यांचे साहित्य भरून द्यावे. तिकडे गेल्यावर तीन-चार मिनिटांचा एक ध्वनिसंदेश दिवसाआड पाठवावा. तो एक-दोन एमबीच्या आत बसतो आणि मूल रात्री किंवा पहाटे, जमेल तेव्हा ऐकू शकते. उत्तर म्हणून त्याने वहीच्या पानाचा फोटो किंवा स्वतःचा आवाज पाठवावा. आठवड्यातून एकदा साध्या फोनवर चार-चार मुलांना एकत्र जोडून बोलावे, त्यासाठी इंटरनेटचीही गरज नाही.

एक सावधगिरी मात्र घ्यावीच लागेल. सरसकट व्हॉट्सॲप गट केला की प्रत्येकाचा क्रमांक प्रत्येकाला दिसतो, आणि मुलींच्या बाबतीत त्याचे परिणाम काय होतात हे वेगळे सांगायला नको. त्याऐवजी ब्रॉडकास्ट यादी वापरावी, म्हणजे एकच संदेश प्रत्येकाला स्वतंत्रपणे जातो. मात्र ज्यांनी तुमचा क्रमांक साठवून ठेवला आहे त्यांनाच ते संदेश मिळतात, म्हणून तेवढे आधी करून घ्यावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. एका कागदावर सोप्या मराठीत लिहून पालकांची सही किंवा अंगठा घ्यावा आणि तो कागद वाचनालयात जपून ठेवावा.


खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

मी अध्यापक विद्यालयात शिकवते. आपल्या तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे त्या सहा मुलांना, वरील दोन्ही उत्तरांनी केवळ स्पर्श केला आहे, म्हणून थोडे लिहिते.

ब्रिटनमध्ये २००० साली ‘नॉटस्कूल’ नावाचा प्रयोग सुरू झाला. अल्ट्रालॅब या संशोधन केंद्राने तो उभा केला होता आणि शाळेने ज्यांच्यापुढे हात टेकले होते, अशा किशोरवयीन मुलांसाठी तो होता. मुलांच्या घरी संगणक आणि इंटरनेट पोहोचवले गेले. पण मला त्याहून लक्षणीय वाटते ती त्यांची भाषा. मुलांना तेथे विद्यार्थी म्हणत नसत, ‘संशोधक’ म्हणत. शिक्षकाऐवजी मार्गदर्शक असे. त्या देशाचा पैसा आणि आपल्या वाचनालयाचे २५ हजार यांची तुलना होऊ शकत नाही, परंतु शाळेच्या शब्दांनीच ज्यांना जखम झाली आहे त्यांना तेच शब्द पुन्हा ऐकवू नयेत, ही समज विकत घ्यावी लागत नाही. आपल्या खोलीत हजेरी, गृहपाठ, ‘उभा राहा’, ‘वाचून दाखव’ हे शब्द काही महिने तरी वर्ज्य करून पाहावेत.

ट्रॅक्टरच्या दुकानातील मुलाच्या बाबतीत मी असे करीन. तो पंप कसा उघडतो हे त्याला त्याच्या शब्दांत, त्याच्या बोलीत सांगू द्यावे आणि ते फोनवर ध्वनिमुद्रित करावे. मग तेच बोलणे जसेच्या तसे मोठ्या अक्षरांत लिहून किंवा छापून त्याच्या हाती द्यावे. मजकूर त्याचाच असल्यामुळे पुढचा शब्द काय असणार हे त्याला ठाऊक असते आणि वाचताना तो अंदाजाने का होईना पण पुढे सरकतो. दहा-बारा अशी पाने झाली की तीच त्याची पहिली पुस्तिका होते, आणि दुसरा मुलगा ती वाचू लागला की पहिला आपोआप त्याला सांगू लागतो. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीतील मोफत चित्रकथा पातळीनुसार मिळतात, परंतु सोळा वर्षांच्या मुलाला सशाची गोष्ट दिली तर त्याला पुन्हा लहान केल्यासारखे वाटते. म्हणून त्या कथा मागाहून, आणि शक्य झाल्यास धाकट्या भावंडाला वाचून दाखवण्याच्या निमित्ताने द्याव्यात.

दुधना सरांशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. सहा मुलांसाठी सरावांच्या प्रगतीचा आलेख दिसणे हे सोयीचे असले, तरी ‘अमुक टक्के पूर्ण’ असे पडद्यावर दिसू लागले की तोही एक प्रगतिपुस्तकाचाच प्रकार होतो. निदान सुरुवातीला तो भाग मार्गदर्शकानेच पाहावा.


बालाघाट (धारूर तालुका, जि. बीड)

येथे सर्व जण शिकवणाऱ्याच्या बाजूने लिहीत आहेत, म्हणून मी शिकणाऱ्याच्या बाजूने लिहिते. माझे आईवडील ‘कोयत्या’वर, म्हणजे ऊसतोडीला, जात असत. आठवीच्या वर्षी धाकट्या भावाला सांभाळायला आणि स्वयंपाकाला कोणी नाही म्हणून मला सोबत नेले, आणि माझी शाळा तेथेच संपली. पुढे १९ व्या वर्षी मी १७ नंबरने दहावी झाले. आज एका पतसंस्थेत काम करते.

मांजराकाठ सर, सायंकाळी ७ ही वेळ तुम्ही तुमच्या सोयीने निवडली होती, असे मला वाटते. फडावर माणसे पहाटे अंधारातच जातात. गाडी भरायला कधी बोलावणे येईल याचा नेम नसतो. रात्री ११ वाजताही वाहन आले की सगळे उठतात. सातला मुलगी चुलीपुढे असते आणि मुलगा पाणी आणायला किंवा बैलांच्या चाऱ्याला गेलेला असतो. माझा स्वतःचा मोकळा वेळ दुपारी १२ ते २ असा होता, कारण त्या वेळी कोपीवर मोठे कोणी नसे आणि भाऊ झोपलेला असे. फोन मात्र त्याच वेळी वडिलांबरोबर फडात असे. मेमरी कार्ड द्या असे वर कोणी लिहिले आहे. ते चांगले आहे, पण ज्या फोनमध्ये ते घालायचे तो फोन दुपारी कोपीवर राहणार आहे का, हे आधी विचारा. नसेल तर कागदावरचे काम द्या आणि रात्री फक्त आवाज ऐकवा.

दुसरे, आठही मुलांना एकाच मापाने मोजू नका. गाडीसेंटरवरची, म्हणजे बैलगाडीने ऊस वाहणारी, कुटुंबे कारखान्याजवळ एका जागी तळ ठोकून असतात, तेथे आसपास दहा-वीस कोप्या असतात आणि मुले एकत्र बसू शकतात. ट्रॅक्टरच्या टोळीची कुटुंबे फडाप्रमाणे हलत राहतात. तेथे आज नेटवर्क आहे आणि परवा नाही. कोणते कुटुंब कोणत्या प्रकारच्या टोळीत आहे, हे उचल (आगाऊ रक्कम) घेतानाच ठरलेले असते आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाला विचारले तर तो सांगतो. मुकादमाशी बोलायला संकोच करू नका. त्याने ‘पोरांना अर्धा तास बसू द्या’ असे एकदा म्हटले, तर त्याचा उपयोग तुमच्या दहा फोनपेक्षा जास्त होईल. तसेच, मूल सोबत न नेता गावातच राहू शकत असेल आणि जवळ हंगामी वसतिगृहाची सोय असेल, तर आधी तीच पाहावी. ऑनलाइनचा विचार त्यानंतर.

तिसरी गोष्ट गोदाकाठ सरांच्या माहितीत भर म्हणून सांगते. १७ नंबरची परीक्षा शाळेतील मुलांबरोबरच फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि तेव्हा हंगाम संपलेला नसतो. मी परीक्षेसाठी सांगलीकडून एकटी परत आले होते, आणि मुलगी एकटी गावी जाणार यावरून घरात जे झाले ते येथे लिहीत नाही. एनआयओएसच्या परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा असतात, म्हणजे एक परीक्षा टोळी परतल्यावर आणि दुसरी टोळी निघण्याच्या सुमारास. मला हे त्या वेळी कोणी सांगितले असते तर मी तोच मार्ग घेतला असता. केंद्र तालुक्याच्या गावी असेलच असे नाही, त्यामुळे प्रवासाचा आणि एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च आधी धरून ठेवावा. हितचिंतकांचे पैसे मी असते तर यासाठी राखून ठेवले असते.

आणि शेवटचे. त्या पाच महिन्यांत मला आठवड्यातून एक फोन आला असता आणि समोरच्याने ‘कालचे गणित झाले का’ असे विचारण्याऐवजी ‘भाऊ बरा आहे का, आणि तुझी वही कुठवर आली’ एवढे विचारले असते, तर कदाचित पाच वर्षे वाया गेली नसती.


मांजराकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बालाघाट ताई, सातची वेळ खरोखरच मी माझ्या नोकरीच्या सोयीने ठरवली होती. चार दिवस हा धागा सहकाऱ्यांसमोर मोठ्याने वाचला आणि त्यातून जे ठरले ते लिहीत आहे.

टॅबची खरेदी रद्द केली आहे. दोन लॅपटॉपमध्ये एसएसडी, एक राऊटर, त्याचा यूपीएस आणि सहा हेडफोन एवढेच घेऊ. उरलेली रक्कम परीक्षा शुल्कासाठी आणि परीक्षेच्या प्रवासासाठी वाचनालयाच्या खात्यात वेगळी ठेवू. मुलींसाठी दुपारी २ ते ४ ही वेळ राखली असून माझ्या सहकारी बाई त्या वेळी स्वतः खोलीत असतील. ऊसतोडीच्या आठ मुलांचा मुख्य अभ्यास जून ते ऑक्टोबर याच काळात समोरासमोर करून घ्यायचा आणि बाहेरगावच्या पाच महिन्यांत फक्त तो विसरला जाणार नाही एवढेच पाहायचे, असे आम्ही आता मानतो. तिघांमध्ये मुले वाटून घेतली आहेत, म्हणजे त्या आठ जणांना फोन नेहमी एकाच ओळखीच्या माणसाचा जाईल. मुकादमांपैकी एकाशी बोलणे झाले. तो आधी हसला, आणि मग त्याने स्वतःच्या पुतण्याचे नाव यादीत घालायला सांगितले.

ट्रॅक्टरवाल्या मुलाचे बोलणे परवा ध्वनिमुद्रित केले. सव्वाचार मिनिटे तो न थांबता बोलला. लिहून काढताना मलाच ‘नोझल’ आणि ‘प्लंजर’ यांतला फरक त्याला दोनदा विचारावा लागला. छापलेले पान त्याने घडी करून खिशात ठेवले. वाचले की नाही ते मी विचारले नाही.

आता एकच शंका उरते. त्याचे नाव अजून शाळेच्या पटावर आहे आणि वय १६ आहे. गोदाकाठ सर दाखला काढू नका म्हणतात. परंतु तो शाळेत जाणार नाही हेही तितकेच स्पष्ट आहे. अशा वेळी काय करावे?


गोदाकाठ

सर, या मुलासाठी यंदा कोणतीही परीक्षा ठरवू नका. जो अजून परिच्छेदापर्यंत पोहोचला नाही, त्याला अर्ज भरायला लावणे म्हणजे त्याच्या अपयशाची तारीख आधीच निश्चित करण्यासारखे आहे. दाखला शाळेतच राहू द्या आणि मुख्याध्यापकांना एकदा स्वतः भेटून हा मुलगा वाचनालयात नियमित बसतो, एवढे कानावर घाला. काही मुख्याध्यापक अशा मुलाला चाचणीपुरते येऊ देतात. तो वर्षभरात गोष्टीच्या पातळीवर आला आणि तरीही वर्गात बसायला तयार नसेल, तर एनआयओएसमध्ये मराठी आणि त्याला जमेल असा एखादा विषय, अशा दोनच विषयांची परीक्षा त्याने प्रथम द्यावी आणि बाकीचे तीन पुढच्या संधींसाठी ठेवावेत. बालाघाट ताईंनी वेळापत्रकाचा जो मुद्दा दाखवला, तो तीस वर्षे नोकरी करून माझ्या लक्षात आला नव्हता, हे येथे नमूद करतो.

ज्या मुलांचे दाखले आधीच निघालेले आहेत, त्यांच्यासाठी मात्र कागद आताच गोळा करायला लागा. मूळ दाखला हरवला असेल तर शाळेकडून दुसरी प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र लागते. आधार कार्डावरील नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख दाखल्याशी जुळते का, हे प्रत्येकाचे तपासा. माझ्या अनुभवात दहा मुलांमागे दोन-तीन मुलांचे जुळत नाही आणि ते दुरुस्त करून घेण्यातच महिना-दीड महिना जातो. टोळ्या निघण्यापूर्वी पालकांच्या सह्याही घेऊन ठेवा, कारण नंतर त्या मिळवायला कारखान्यापर्यंत जावे लागेल.